दोन गाण्यांच्या मधलं

सतरा वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांची बिनपाण्याने हजामत केल्यावर भूपेंद्र सोनवणेने स्वतः एक सिनेमा काढला, आणि तिथंच त्याची मान अडकली.

नोकरीने तो जळगावच्या एका शाळेत मराठीचा शिक्षक. पण गाव त्याला ओळखायचं ते रविवारच्या 'तिसरी रांग' या सदरामुळे. शुक्रवारी पहिला खेळ, तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची, आणि रविवारी अर्ध्या पानात सिनेमाची साग्रसंगीत उत्तरपूजा. पेपर जिल्ह्यापुरता, पण भूपेंद्रचा रुबाब असा, की मुंबईतले दिग्दर्शक रविवारी उठून दात घासायच्या आधी हेच वाचत असावेत. त्याचं एक वाक्य तर लोकांच्या तोंडी बसलं होतं. पुण्याच्या कुणीतरी एका म्हाताऱ्या शाहिरावर माहितीपट काढला होता, तेव्हा भूपेंद्रने लिहिलं होतं, 'दिग्दर्शकाला गाणं ऐकू आलं, गाणारा ऐकू आला नाही.' त्या माणसाने पुन्हा माहितीपटाच्या वाटेला जायचं नाव घेतलं नाही म्हणतात. हे सांगताना भूपेंद्र थोडा ओशाळायचा, पण भेटेल त्याला सांगायचा मात्र.

त्याचा स्वतःचा माहितीपट होता धुळ्याच्या रुपचंद नानांवर. नाना चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवत आले. आपल्याकडे लग्नात वरण अळणी झालं तर लोक पोटात घालतात, पण बँड बेसूर निघाला तर नवरदेवाच्या मुलांची लग्नं होईपर्यंत विसरत नाहीत. आणि नाना ज्याच्या वरातीत वाजवून गेले, तो माणूस ते पाहुण्यांना सांगायचा. चार लग्नसराया भूपेंद्र त्यांच्या मागे हिंडला, रावेर, बोदवड, पारोळा, जिथं तिथं वरातीबरोबर पायी. सोबतीला योगेंद्र. योगेंद्रचा जळगावात लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा स्टुडिओ. कॅमेरा त्याचा, गाडी त्याची, डिझेलही त्याचंच. भूपेंद्रकडे दृष्टी होती, असं भूपेंद्र म्हणायचा.

एक गोष्ट त्याने खरोखर नवीन केली, हे कबूल केलं पाहिजे. लग्नाच्या व्हिडिओत बँडचा खरा आवाज कुणी ठेवत नाही. ढोल, भोंगे, पोरांचा कालवा असं सगळं एकात एक येतं, म्हणून शूटिंगवाले त्यावर सरळ सिनेमातलं मूळ गाणं चिकटवून मोकळे होतात. म्हणजे खानदेशातल्या कितीतरी घरांत कपाटात नाना आहेत, गाल फुगवून जीव तोडून वाजवताहेत, आणि ऐकू येतंय ते भलत्याच कुणाचं. योगेंद्रनेही आयुष्यभर हेच केलं होतं. भूपेंद्रने मात्र नानांच्या लाल कोटाला एक छोटा माइक लावला आणि तो कॅमेऱ्याला जोडला. "नाना, लोक पहिल्यांदा तुमचा आवाज ऐकतील," असा शब्दच दिला त्याने. नाना हसले होते. त्यांनी स्वतःसुद्धा तो कधी धड ऐकलेला नव्हता. वाजवणाऱ्याच्या कानाशी कायम ढोल असतो.

सिनेमा तयार झाला. मुंबईच्या एका कंपनीने तो मागवला, आणि एके दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत पुनमचा फोन आला. पुनम त्या कंपनीत माहितीपट निवडायची. मूळची भुसावळची, त्यामुळे भूपेंद्रला वाटलं होतं, आपलीच पोरगी आहे, काम झालंच.

"सर, फिल्म सगळ्यांना आवडली," ती म्हणाली. "पण त्यातलं एकही गाणं आपल्याला दाखवता येणार नाही."

"गाणं कुठं दाखवतोय? वाजवणारा दाखवतोय."

"चाल सिनेमाची आहे ना सर. क्लॅरनेटवर वाजवा नाहीतर पिपाणीवर, चालीचा मालक असतोच. एकोणीस गाणी, एकोणीस परवानग्या. त्या खर्चात अशा दहा फिल्म होतील."

"चाळीस वर्षं भर रस्त्यात वाजवतात तेव्हा नाही कुणी मालक येत."

"लग्नाला कायद्यात सूट आहे. सिनेमाला नाही." पुनमचा आवाज खाली आला. तिलाही हे बोलणं आवडत नसावं. "सर, त्यांचं स्वतःचं काही असेल तर बघा. पाच मिनिटं मिळाली तरी मी वर भांडेन. बाकी मुलाखतीवर निभावता येईल. पण पंधरा तारखेला यादी बंद होते. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

पंधराला नऊ दिवस होते. भूपेंद्रने फोन खिशात टाकला आणि नववी ब च्या वर्गाला काही कारण नसताना उभं केलं.

घरी येऊनही त्याच्या अंगाचा तिळपापड होतच होता. आपण तुपात तळलेल्या जिलब्यांसारखे सिनेमे काढणाऱ्या धंद्याला सतरा वर्षं शिव्या घातल्या, आणि आता त्याच धंद्याने आपल्याला दारातच धरलं, याचा त्याला राग होता. त्याहून राग याचा, की यात कुणाची चूक म्हणून सांगता येईना. पुनम खरं बोलत होती. कायदा तिने केलेला नव्हता. गाणी खरंच दुसऱ्यांची होती.

"नानांना नव्याने वाजवायला सांगा ना काहीतरी," कामिनी म्हणाली. कामिनी म्हणजे त्याची बायको. त्याच्या सदराची सगळी कात्रणं तिने वहीत चिकटवून ठेवली होती, आणि वेळेवर त्यातलं नेमकं वाक्य काढून त्याच्यावर फेकायची कला तिला साधली होती.

"नानांचे दात गेले," भूपेंद्र म्हणाला.

ते खरंच होतं. गेल्या दिवाळीत नानांचे वरचे सगळे दात काढावे लागले. क्लॅरनेट वरच्या दातांवर टेकवून धरायचं वाद्य. कवळी बसवून नानांनी चार दिवस फुंकून पाहिलं. कवळी घसरायची आणि सुराच्या जागी शिट्टी निघायची. पाचव्या दिवशी त्यांनी वाद्य पिशवीत घालून खुंटीला अडकवलं, ते आजपर्यंत तिथंच होतं. तेव्हा जे काही मिळायचं, ते आधी वाजवलेल्यातूनच मिळणार होतं.

त्या आठवड्यात भूपेंद्रने सदराला दांडी मारली आणि रविवारी धुळ्याची बस धरली.

नानांचं घर बँडवाल्यांच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. संक्रांतीला भूपेंद्रने याच घरात लॅपटॉपवर त्यांना सिनेमा दाखवला होता. तेव्हाची एक गोष्ट त्याला बोचून राहिली होती. नाना सिनेमा बघत होते, पण प्रत्येक गाणं संपत आलं की पुढे सरकायचे, मान लांब करायचे, आणि गाणं संपून मुलाखत सुरू झाली की परत मागे टेकायचे. एकोणीस वेळा असं झालं. शेवटी "चांगलं शे" एवढंच म्हणाले आणि चहा मागितला. चार वर्षं घासल्यावर 'चांगलं शे'. म्हाताऱ्याला झोप येत होती, असं भूपेंद्रने तेव्हा स्वतःला समजावलं होतं.

आता त्याने पुनमचं सगळं सांगितलं. नाना शांतपणे ऐकत होते.

"नाना, तुमचं स्वतःचं असं काय आहे?"

"मनं काय शे भाऊ," नाना म्हणाले. "कोट बी बँडना शे."

"एखादी चाल बसवली असेल. तरुणपणी, गुरूंजवळ, कधीतरी."

"नवरदेवना दोस्त सांगेत ते वाजाडं. पैसा देनारा सांगे ते वाजाडं. मनं कोन ऐकतं?"

चाळीस वर्षं वाजवून माणसाकडे स्वतःचं पाच मिनिटांचं काही नसावं, या गोष्टीचा भूपेंद्रला नानांवरच राग आला. असा राग येणं बरं नव्हे, हे कळत असूनही आला. तेवढ्यात आतून परात आपटल्याचा आवाज झाला आणि धुरपदाबाई, नानांच्या घरच्या, पिठाचे हात घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"मंग दोन गानास्ना मधमा कोन वाजाडे?" त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"ते काय गानं शे का?"

"गानं नही ते नही. बठ्ठा बँड त्याच गाना वाजाडतंस. तरी मी आठे भाकरी थापता थापता वळखी ल्यू, यासना बँड गल्लीमा उना म्हनीसन. गानं ऐकीसन नही. मधलं ऐकीसन."

भूपेंद्रने विचारलं, ज्यावरून बाई भाकरी थापताना नवऱ्याचा बँड गल्लीत आल्याचं ओळखतात, ते मधलं म्हणजे काय. नानांनी अगोदर हात उडवला, पण मग सांगू लागले, आणि सांगता सांगता खुलले. वरात चालू असताना बँड कधी बंद पडू द्यायचा नसतो. वाजणं थांबलं की नाचणारी पोरं पाणी प्यायला पांगतात, बाया सावलीला बसतात, आणि वरात जागची तासभर हलत नाही. मुहूर्त टळला की शिव्या बँडला. पण ढोलवाल्यांना हात झटकायचे असतात, ट्रम्पेटवाल्यांना वाद्यातलं पाणी काढायचं असतं, पुढचं गाणं कोणतं यावर नवरदेवाच्या मित्रांची भांडणं व्हायची असतात. तेवढा वेळ एकटं क्लॅरनेट वाजतं. कधी अर्धं मिनिट, कधी पाच. काय वाजवायचं ते कुणी सांगत नाही, कारण कुणी ऐकतच नसतं. मग नाना मनात येईल ते वाजवायचे. नवरी रडवेली दिसली तर तसं, वरबाप तावातावाने बोलत असला तर त्याची खोड काढल्यासारखं. रोज वेगळं. त्याला त्यांनी नाव काही ठेवलेलं नव्हतं.

"तेच आपलं व्हतं म्हना," नाना म्हणाले आणि जरा लाजले.

भूपेंद्रच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चार लग्नसराया. दोनशेच्या वर गाणी चित्रित केलेली. म्हणजे दोनशे वेळा दोन गाण्यांच्या मधलं. पाच मिनिटं काय, दोन तास निघतील. कुणाची परवानगी नको, कुणाचा मालक नको. सिनेमाच पालटून जाईल. ज्या गोष्टीकडे चाळीस वर्षं कुणी कान दिला नाही, ती भूपेंद्र सोनवणेने शोधून काढली. रविवारच्या पुरवण्यांत लोक काय लिहितील, तेही त्याला दिसायला लागलं.

"नाना, सगळं माझ्याकडे आहे," तो उठत म्हणाला. "तुमच्या कोटाला माइक होता."

नानांचा चेहरा उजळला. "खरंच? कारन त्या दिन तुम्ही सिनेमा दाखाडा, त्यामा काही ते मधलं नव्हतं. मी वाट देखी ऱ्हायंतू."

परतीच्या बसमध्ये भूपेंद्रला बसायला जागा मिळाली नाही, तरी एरंडोलपर्यंत त्याच्या ते लक्षात आलं नाही.

सोमवारी शाळा सुटताच तो योगेंद्रच्या स्टुडिओत धडकला. "सगळं कच्चं शूटिंग काढ. पहिल्यापासून."

योगेंद्रने हार्ड डिस्क लावली. दोनशे चौदा क्लिप. पहिली क्लिप बोदवडची. गाणं पहिल्या ठोक्यावर सुरू झालं, शेवटच्या ठोक्यावर संपलं, आणि चित्र बंद. दुसरी रावेरची. तीही तशीच. तिसरी, चौथी, नववी. भूपेंद्रने माउस हिसकावून घेतला आणि सरळ प्रत्येक क्लिपचा शेवट बघायला लागला. ठोका, बंद. ठोका, बंद. पन्नासेक क्लिप झाल्यावर त्याने माउस सोडला.

"पुढचं कुठंय?"

"कशाच्या पुढचं?"

"गाणं संपल्यावरचं. नाना एकटे वाजवतात ते."

योगेंद्रने खुर्ची मागे सरकवली. तो सरळ माणूस, त्याने मुद्दाम टोचलं नाही. "सर, आमची लग्नाची सवयच ती. गाणं संपलं की बंद करायचं, कार्ड वाचतं, बॅटरी वाचते. मधलं कुणाला लागतं? तरी पहिल्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, मध्ये चालू ठेवू का. तुम्ही म्हणालात, मधल्या फुंकाफुंकीत जागा घालवू नको, मला गाणी स्वच्छ पाहिजेत. बँडच्या आवाजात ओरडलेलं ऐकू यायचं नाही म्हणून तुम्हीच हाताने खूण करायचात. हात खाली आला की कट."

भूपेंद्रला आठवलं. अगदी लख्ख आठवलं. कॅमेऱ्याच्या शेजारी तो हात वर करून उभा राहायचा, मोठ्या दिग्दर्शकाच्या ऐटीत. शेवटचा ठोका पडला की हात सपकन खाली आणायचा. तो हात चित्राच्या कोपऱ्यात यायचा, आणि योगेंद्र कुरकुर करायचा, "सर, तुमचा हात मला मग कापत बसावा लागतो." माइक कॅमेऱ्याला जोडलेला, त्यामुळे कॅमेरा बंद तर आवाजही बंद. नाना चार वर्षं त्याच्यापासून पाच हातांवर, माइक लावून, स्वतःचं वाजवत होते. तो शेजारी उभा राहून पाणी पीत होता.

मात्र एक गोष्ट सापडली. हात खाली येणं आणि योगेंद्रचं बोट बटणावर पडणं यात अर्ध्या सेकंदाचं अंतर होतं. त्या अर्ध्या सेकंदात प्रत्येक क्लिपच्या शेवटी क्लॅरनेटचा एक सूर उमटायचा. कुठे दोन. मग चित्र तुटायचं. सिनेमात योगेंद्रने ही शेपटं हातासकट छाटली होती. आता भूपेंद्रने दोनशे चौदाच्या दोनशे चौदा शेपटं एकापुढे एक जोडायला लावली. पावणेदोन मिनिटं भरली.

घरी तो जेवायला बसला आणि भाकरी मोडून तशीच ठेवली. कामिनीने विचारलं, तेव्हा सगळं ओकून टाकलं. नशीब, धंदा, कायदा, योगेंद्रची लग्नाची सवय, सगळ्यांचा उद्धार झाला. कामिनीने पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमच्या सिनेमाचं परीक्षण तुम्ही आधीच लिहिलेलं आहे. फक्त पुण्याच्या त्या माणसाचं नाव खोडून आपलं घाला."

ताट तसंच सरकवून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्या पुण्याच्या माणसाला आपण कधी फोनसुद्धा केला नव्हता, हे त्याला त्या वेळी उगाचच आठवलं.

तरी एक आशा शिल्लक होती. नानांनी पहिले सूर ऐकले आणि पुढचं आठवलं, नुसतं गुणगुणलं, तर धुळ्यातलाच दुसरा कुणी चांगला वादक ते वाजवू शकला असता. मूळ नाही, पण नानांचं तर होतं. बुधवारी त्याने शाळेत पोटदुखीचं कारण दिलं आणि लॅपटॉप घेऊन पुन्हा धुळ्याला गेला.

नाना तयार होऊनच बसले होते. इस्त्रीचा सदरा, तोंडात कवळी. शेजारी धुरपदाबाई, आज पिठाचे हात नसलेल्या. नानांनी शेजारच्या दोन जुन्या ढोलवाल्यांनाही बोलावून ठेवलं होतं.

"नाना, एक चूक झाली," तो म्हणाला आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. मधलं नाहीये. प्रत्येक वेळचा फक्त पहिला सूर आहे. तो ऐकून काही आठवतंय का बघा.

नानांनी जिभेने कवळी जागेवर बसवली. मग म्हणाले, "लावा."

क्लॅरनेटचा एक सूर आला आणि तुटला. दुसरा आला, तुटला. नाना डोळे मिटून ऐकत होते. आठव्या की नवव्याला त्यांनी बोट वर केलं. भूपेंद्रने थांबवलं. नानांनी तोंड उघडलं, तो सूर गुणगुणला, त्याच्या पुढचा एक गुणगुणला, आणि अडले. परत पहिल्यापासून घेतलं. परत तिथंच अडले. आणखी तीन-चार ठिकाणी त्यांनी प्रयत्न केला. ढोलवाल्यांपैकी एकाने मांडीवर ठेका धरून दिला, तरी जमेना.

"नही येत," नाना म्हणाले. "ते तठेच व्हतं भाऊ. मारुतीनं देऊळ कितलं दूर शे, नवरीनी माय रडी ऱ्हायनी का नही, ते देखीसन व्हतं. आते काय देखू?"

भूपेंद्रने लॅपटॉप बंद करायला हात पुढे केला. पंधरा तारीख, पुनम, पुरवण्या, सगळं त्याच्या मनातून एकदमच गेलं होतं. आता त्याला फक्त तिथून निघून जायचं होतं.

"ऱ्हाऊ द्या," नाना म्हणाले. "बठ्ठं ऐकू द्या. मधलं पहिल्यांदा ऐकी ऱ्हायनू."

त्याने परत सुरू केलं. या वेळी नानांनी डोळे उघडे ठेवले होते. सूर, तुटला. सूर, तुटला. रावेरच्या उन्हात, पारोळ्याच्या धुळीत, चार वर्षांत एकेक केस पांढरा होत गेलेले नाना प्रत्येक वेळी वाद्य पुन्हा ओठाशी नेत होते, गाल भरून घेत होते, आणि चित्राच्या कोपऱ्यातून एक पंजा सपकन खाली येत होता. नाना पुढे वाकले.

"हाऊ हात कोना शे?"

भूपेंद्रने एकदा धुरपदाबाईंकडे पाहिलं. त्या त्याच्याकडेच बघत होत्या.

"माझा," तो म्हणाला.

नानांनी मान हलवली आणि पुन्हा पडद्याकडे वळले. गुडघ्यावर बोटांनी ताल धरून ते पाहत राहिले. हात पडत होता, सूर तुटत होता, आणि नाना मोजल्यासारखे ताल देत होते. दोनशे चौदावी क्लिप संपली. मग बँडमध्ये नव्याने आलेल्या वादकाला सांगावं तसं, अगदी मनापासून ते म्हणाले, "हात तालमा पडस भाऊ. एक डावबी चुकना नही."